दोन घोडे

आधी त्या घोड्याचं बघ, इत्तो.
खोगीर उतरव, घाम पूस, जवाचा तोबरा बांध.
मग इकडे ये, ह्या दुसऱ्या घोड्याकडे,
जो चापाच्या वर मान वाकवून बसलाय
आणि ज्याला चारा नको असतो, नुसतं पाणी.

थांब, अजून पाणी नाही.
आधी गज आत सोड.
गजावर खाच दिसते? बूशाइबमामानं पाडलेली.
खाच नळीच्या तोंडाशी टेकली तर बंदूक रिकामी.
चार बोटं वर राहिली तर आत दारू आहे,
कुणीतरी विसरलंय,
आणि विसरणारा माणूस नेहमी शपथेवर सांगतो
की मी विसरलो नाही.
म्हणून माणसाला विचारायचं नाही.
गजाला विचारायचं.

टेकली?
माझ्याकडे नको बघूस, खाचेकडे बघ.

आता किटली. चहाला उकळतो तसंच पाणी,
फक्त पुदिना नको, साखर नको.
नरसाळं लाव, हळू ओत.
बाजूच्या कानातून काळी धार सुटेल, पाय मागे घे.
नळी तापेल, फडक्यानं धर.
तापू दे. तापलेली नळी आपली आपण वाळते.
वास येतोय ना, नासक्या अंड्यांचा?
नाक मुरडू नकोस.
दुपारी ह्याच धुरात उभं राहून
अख्खा तंबू तुझ्या नावानं ओरडत होता.

चिंध्या माझ्या जुन्या कफ्तानाच्या आहेत.
पहिली काळी येते.
दुसरी काळी.
तिसरीही काळी, आणि वाटतं आपलंच काही चुकतंय.
चुकत नाहीये. ओढत राहा.
तळाशी, जिथं दारू बसते, तिथं गज फिरव,
हंड्याच्या बुडाला हात फिरवतेस तसा.
कानात पीस घाल. कोंबडीचं चालतं.

मीही तुझ्याएवढी होते.
खमिस्सातच्या जत्रेत पहिल्या दिवशी आम्ही जिंकलो
आणि संध्याकाळी मला सफंज खायची होती,
गरम, तेलात फुगलेली, दोरीत ओवलेली.
बंदूक तंबूच्या खांबाला टेकवून गेले.
म्हटलं, सकाळी बघू.

समुद्र इथून लांब आहे,
तरी रात्री तो येतो, नळीत झोपायला.
काजळी त्याला जागा देते. काजळी फार अगत्यशील.
सकाळी आत नारिंगी खरूज.
मी बाहीनं पुसली, चांदीचे पट्टे चमकवले,
वरून बघणाऱ्याला काय कळणार होतं.

अकरा जणी, एक रांग, एक धाव.
मुकद्दमाची हाक. रिकिबीत उभ्या राहिलो.
दहा बंदुकांचा एकच आवाज झाला,
कापड टर्रकन फाटावं तसा.
आणि मग,
सगळं शांत झाल्यावर,
पोट बिघडलेल्या म्हाताऱ्यासारखी
माझी.

लोक हसलेसुद्धा नाहीत. तेच वाईट.
माझी घोडी तेवढी कान मागे टाकून
वळून बघत होती.

मामा काही बोलला नाही.
रात्री माझ्यासमोर किटली ठेवली
आणि अकराही बंदुका.

आता बघ, ही चिंधी राखाडी आली. ही त्याहून फिकी.
ही पांढरी.
पांढरीवर लगेच भाळू नकोस, अजून एक घाल.
मग तेल, आमच्याकडे आर्गानचं, थोडंसंच.
गोडी लागली म्हणून ओतायचं नाही,
आणि पुढच्या वेळी दारू भरण्याआधी
तेवढंही कोरडं पुसून काढायचं,
नाहीतर ती भिजते आणि रुसते.
दस्त्यावरच्या हाडाच्या नक्षीला पाणी लागू देऊ नकोस.
घोडा हळू उतरव. अंगठ्यानं. असा.

झालं म्हणतेस?
जा, हात धू. काळं नखात राहीलच,
मेंदीच्या शेजारी राहू दे.

फजरला उठवीन तुला.
कोरडी चिंधी घेऊन ये, नळीत एकदा घालू.
चहाच्या रंगाची बाहेर आली
तर मी काही बोलणार नाही.

किटली तेवढी
चुलीजवळच ठेवते.